उमऱ्याआधीची माफी

टिक.

दुपारच्या सामसूम घरात तेवढाच आवाज झाला. अम्मांच्या, माझ्या सासूबाईंच्या, बोटातल्या जपाच्या तसबीहचा. मण्यांची माळ नव्हे, अंगठीसारखी बोटात घालायची, बटण दाबलं की आकडा पुढे सरकतो ती प्लॅस्टिकची वस्तू. माझ्या मुलीने, जुवेरियाने, दादी आल्या-आल्या इथल्या सीकोच्या बाजारातून हट्टाने घेऊन दिलेली, गुलाबी. एसीचा वारा अम्मांना सोसत नाही म्हणून तो बंद होता. त्याची घरघर थांबली की दम्माममधलं आमचं हे दोन खोल्यांचं घर किती शांत आहे ते कळतं. मला वाटलं होतं, अम्मा झोपल्यात.

मी लॅपटॉपचं झाकण खाली ओढलं. स्वयंपाकघरात, वॉशिंग मशीनवर लॅपटॉप ठेवून मी उभ्याने लिहीत होते. मधलं दार लोटलेलं. अम्मांना इंग्रजी येत नाही. दार उघडून त्या माझ्या खांद्यावरून बघत राहिल्या असत्या तरी त्यांना एक अक्षर कळलं नसतं. तरीही झाकण ओढलं आणि कान गरम झाले. मग बराच वेळ मी मशीनवर हात ठेवून नुसती उभी राहिले, जुवेरिया लपवलेलं चॉकलेट पाठीमागे धरून उभी राहते तशी.

लॅपटॉपवर डॅन होता. डॅन मर्फी. अमेरिकेत राहणारा, पन्नाशीचा, पोकर कोळून प्यालेला माणूस. पोकर म्हणजे पैसे लावून खेळायचा पत्त्यांचा खेळ. कोणत्या साइटवर खेळावं, पहिल्यांदा पैसे भरले की कुठे जास्तीचे मिळतात, कोणत्या राज्यात कायदा काय म्हणतो, हे सगळं डॅन लोकांना मित्रासारखं समजावून सांगतो. डॅन म्हणजे मी. नूरैन, रत्नागिरीच्या कॉलेजातली बी.ए. इंग्लिश, एका मुलीची आई. मी आयुष्यात पत्त्याला हात लावलेला नाही. त्या साइट इथे उघडतसुद्धा नाहीत. सुरुची पुण्याहून माहिती पाठवते, मी तिला डॅनचा आवाज देते.

सुरुची माझी कॉलेजातली मैत्रीण. तिची छोटी कंपनी आहे आणि कंपनीचा धंदा दलालीचा. दम्मामच्या विमानतळाबाहेर काही माणसं उभी असतात, "रियाध, रियाध" ओरडत प्रवाशांना गाडीपर्यंत नेतात आणि ड्रायव्हरकडून आपलं कमिशन घेतात. तसंच. डॅनच्या पानावरच्या दुव्यावर कुणी बोट ठेवलं आणि तिकडे जाऊन खेळायला लागलं की ती साइट सुरुचीला पैसे देते. फरक एवढाच की विमानतळावरच्या माणसाला आपण प्रवासी बसवतो ती गाडी कुठे जाते ते ठाऊक असतं.

सुरुवातीला मला शब्दांवर पैसे मिळत. जुवेरिया शाळेत गेली की दोन-तीन तास हातात असायचे. शारीक, माझा नवरा, खफजीला समुद्रातल्या तेलाच्या कामावर इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. तो पंधरवड्याने घरी येतो. मला काहीतरी आपलं करायचं होतं. गावाहून फोनवर अम्मांनी विचारलं, काय काम करतेस गो? मी म्हटलं, अमेरिकेतल्या कायद्यांवर लिहिते. ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते इतकं सहज जिभेवर आलं.

खेडजवळ खाडीकाठी आमचं गाव. तिथे अम्मांनी ते कसं सांगितलं असेल ते मी इथे बसून ऐकू शकते. माझी सून अमेरिकेच्या वकिलांना कायदा लिहून देते, घरात बसून, डोक्यावरची ओढणी न सरकवता. पैसे सुरुची माझ्या खेडच्या बँकेतल्या खात्यात टाकायची. ते खातं माझं आणि अम्मांचं जोडखातं होतं, घरखर्चाला अडू नये म्हणून. शारीकही घरी पाठवायचाच. माझं आपलं वरचं, मीठमसाल्याचं, असं मला वाटायचं.

मग मागच्या वर्षी उमऱ्याचं, म्हणजे धाकट्या हजचं, निघालं तेव्हा अम्मा म्हणाल्या, उमरा करीन तर सुनेच्या कमाईचा.

मुलगा नेतोय, मोठा जावई नेतो म्हणतोय, त्या कुणाला ऐकेनात. हे वेड कुठून आलं ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. शारीकचे अब्बा मुंबईला गोदीत होते. एकदा त्यांचा मटका लागला. ते गावी आले ते पिशवीभर पापलेट आणि नायलॉनची साडी घेऊन. अम्मांनी सालन शिजवलं, मुलांची ताटं वाढली, आणि तेवढ्यात अब्बांच्या तोंडून मटका हा शब्द निघाला. अम्मांनी वाढलेली ताटं मुलांसमोरून उचलली, टोप उचलला आणि टोपासकट सगळं खाडीत टाकून आल्या. टोपसुद्धा परत आणला नाही. त्यानंतर त्यांनी शिवणाचं मशीन घेतलं आणि मुलं त्यावर वाढवली. आमच्याकडे अजून काही संशयाचं असलं की लोक हसून म्हणतात, खाडीत टाका. अब्बा स्वतःसुद्धा म्हणायचे, मरेपर्यंत.

"बाईच्या हातची कमाई पाक असते," अम्मा म्हणायच्या. "पुरुषाच्या कमाईत वाटेत काय काय मिसळता, कोण जाणे."

हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आलेय, आणि ऐकत असताना डॅनची पानं लिहीत आलेय.

अम्मा आल्या त्याच आठवड्यात सुरुचीचा फोन आला. आवाजात लग्नघर. अमेरिकेतल्या एका राज्यात ऑनलाइन पोकर कायदेशीर झालं होतं, विधेयकावर सही झाली होती. डॅनची निम्मी पानं त्याच राज्याबद्दल होती. कायदा होणार का, कधी होणार, तोपर्यंत बाहेरच्या कोणत्या साइटवर खेळता येईल. इतकी वर्षं तिथे ते ना धड चालू होतं ना धड बंद, आणि त्या अर्धवट अंधारात सुरुचीसारख्या लहान दलालांचं बरं चाललं होतं.

"आता आपण इज्जतदार झालो, नूरैन," ती म्हणाली. "परवानाधारक."

मग तिने अटी सांगितल्या. बाहेरच्या साइटचे सगळे दुवे काढून टाकायचे, नाहीतर राज्य दारात उभं करणार नाही. यापुढे फक्त परवाना असलेल्या कंपन्या, आणि त्या पैसे देणार ते फक्त राज्याकडे नोंद असलेल्या दलालांना. मोठमोठ्या कंपन्या पैशांच्या थैल्या घेऊन उतरणार, आपल्यासारखे चिरडले जाणार. आपल्याकडे आहेत ती डॅनची जुनी, लोकांच्या विश्वासातली पानं. आणि तिथेच एक मेख होती. जो दलाल माणशी ठरावीक रक्कम घेतो त्याच्या कंपनीची नुसती नोंद पुरते. पण खेळणाऱ्याच्या पैशांत ज्याचा वाटा आहे, त्या प्रत्येकाला आपलं नाव द्यावं लागणार. पासपोर्ट, फोटो, आणि राहतो त्या देशातल्या पोलिसांचा दाखला. नावं राज्याच्या साइटवर कुणालाही बघता येणार.

माझा वाटा होता. दुसऱ्या वर्षी सुरुचीने म्हटलं होतं, शब्दांचे किती मिळणार, त्यापेक्षा वाटा घे. मी घेतला. तेव्हा नीट विचारलं नाही. त्या दिवशी फोनवर विचारलं, वाटा नेमका कशातला गं?

ती म्हणाली, "तुला माहीत नव्हतं? हरतात त्यातला. जिंकतात त्यातला कोण देईल?"

मला माहीत होतं. दर महिन्याच्या हिशोबात तो शब्द असायचा, मी त्याच्यावरून नजर उचलून पुढच्या ओळीवर ठेवायचे. लहानपणी कसायाच्या दुकानासमोरून जाताना मी पलीकडच्या फुटपाथकडे बघत चालायचे, तशी.

पोलिसांच्या दाखल्याचं मी तिला म्हटलं, इथे जाऊन काय सांगू, कशासाठी हवाय? जुगाराच्या परवान्यासाठी? शारीकचा इकामा, इथे राहायचा परवाना, राहील का? ती म्हणाली, काहीतरी मार्ग काढू, तू भारतातला पत्ता दे. आणि डॅन? डॅनला जावं लागेल, ती म्हणाली, खऱ्या नावाची माणसं हवीत आता. "तुझं नाव किती छान आहे. एक फोटो पाठव. स्कार्फ असला तरी चालेल, उलट वेगळं दिसेल."

मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. ते चोरटं होतं तोवर मी डॅनच्या मागे झाकलेली होते. तिथे सरकारने त्याला हो म्हटलं, आणि मी उघडी पडले. कायदा नसताना मला लाज वाटली नव्हती. कायदा झाला त्या दिवशी वाटली, यातच मी काय आहे ते आलं.

एक नवं पान मात्र लिहायचंच होतं, कायद्याने सक्तीचं: खेळ हाताबाहेर गेला तर मदत कुठे मागावी. सुरुचीने नमुन्यादाखल लोकांचे अनुभव पाठवले होते. त्यात एका बापाने लिहिलं होतं की खेळायला मुलीची सायकल विकली, तिला चोरीला गेली असं सांगितलं, आणि ती त्याच्याबरोबर गल्लोगल्ली सायकल शोधत हिंडली. आमच्या पॅसेजमध्ये जुवेरियाची सायकल उभी असते, मागच्या चाकाला दोन लहान चाकं लावलेली. त्या दुपारी मी त्या सायकलला अडखळले. पडले नाही, पण तिथेच बसून राहिले.

इकडे अम्मांचं माफी मागणं सुरू झालं होतं. आमच्यात हजला किंवा उमऱ्याला निघायच्या आधी माणूस सगळ्यांची माफी मागतो. बोलल्याचालल्याची, घेतल्यादिल्याची. गावात असत्या तर अम्मा घरोघर गेल्या असत्या. इथून त्या फोनवर गेल्या. माझा फोन कानाला उलटा-सुलटा लावून दुपारभर मोठ्याने: हुसेनमियाँ, तुमच्या कोंबड्यांवरना मी त्या साली बोलले, मनात ठेवू नका. पलीकडून हुसेनमियाँ म्हणत होते, कुठल्या कोंबड्या? अम्मा म्हणाल्या, तुम्ही विसरलात पण फरिश्ते विसरले नाय, माफ करा म्हणा एकदा. जिच्याशी पंचवीस वर्षं अबोला, त्या जावेलाही फोन केला. दोघी आधी भांडल्या, मग रडल्या, मग कोळंबीच्या भावावर आल्या. इमारतीच्या राखणदाराचीसुद्धा माफी मागितली. तो बंगाली, त्याला काय चाललंय ते समजेना. दुसऱ्या दिवशी तो घाबरून शारीकला फोन करून विचारत होता, माताजींची काही तक्रार आहे का?

जुवेरियाची माफी त्यांनी जमिनीवर मांडी घालून मागितली. एकदा दूध सांडल्यावर ओरडल्या होत्या म्हणून. जुवेरिया सात वर्षांची. एवढं मोठं माणूस आपल्यासमोर हात जोडतंय हे बघून तिचा चेहरा लाल झाला.

"इट्स ओके, दादी," ती म्हणाली. मग विचारलं, अल्लाह तर सगळ्यांना माफ करतो ना, मग मला का विचारतेस?

अम्मांनी तिला मांडीत ओढलं. अल्लाहचं जे चुकवलं ते अल्लाह माफ करतो, म्हणाल्या, त्याच्याकडे काय कमी आहे. पण माणसाचं जे घेतलं ते तोच माणूस माफ करू शकतो. अल्लाह म्हणतो, जा, आधी त्याच्या दारात जाऊन ये, मग माझ्या दारात ये.

मी कणीक मळत होते. पाणी जास्त पडलं. मग पीठ घातलं, मग पुन्हा पाणी. त्या दिवशी आम्ही दोन दिवसांच्या चपात्या खाल्ल्या.

जुवेरियाने ते फारच मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आली ती दप्तर न उतरवताच सांगत सुटली: "मैंने सबको सॉरी बोल दिया." वर्गातल्या सगळ्या मुलींना, बसमधल्या आंटीला, आणि खोडरबर घेतलं होतं तिला खोडरबरासकट. एक मुलगी रडायलाच लागली म्हणे, तिला वाटलं जुवेरिया शाळा सोडून चाललीय. सॉरी बोलल्यावर पोटात हलकं वाटतं, असं तिने मला इंग्रजीत समजावून सांगितलं. आणि रात्रीच्या दुआला बसल्यासारखे हात करून म्हणाली, आता फक्त अम्मी राहिली. अम्मी, मी तुझ्या लिपस्टिकने डॉलला रंगवलं होतं. मी तिला जवळ घेतलं. तिच्या केसांना शाळेचा, खडूचा आणि उन्हाचा वास होता. मला तिचं ते हलकं पोट इतकं हवंसं वाटलं की मी तिला सोडेना. तीच म्हणाली, अम्मी, टू टाइट.

मग अम्मा माझ्याकडे आल्या. मी भांडी विसळत होते. त्यांनी मला नळ बंद करायला लावला, माझे ओले हात आपल्या हातांत घेतले.

"माझ्यान काय चुकला-माकला असंल तर माफ कर, पोरी. तुझ्या पहिल्या ईदीला मी तुझ्या शीरखुर्म्याला नावं ठेवली."

मी माफ केलं म्हटलं. हसले पण. आता माझी पाळी होती. रीतच आहे, समोरच्यानेही म्हणायचं असतं. मी म्हटलं, मलाही माफ करा अम्मा. त्यांनी माझ्याकडे जरा नीट बघितलं. कशाबद्दल, असं कुणी विचारत नाही, त्यांनीही विचारलं नाही. तो एवढासा क्षण माझ्यासाठी दार उघडं होतं. मग त्यांनीच माझ्या गालावर ओला हात फिरवला.

"तुझा काय असणार गो? तुझ्याच पुण्याईवर तर चालले."

आणि मी नळ सोडला.

शारीक गुरुवारी खफजीहून आला. शुक्रवारच्या नमाजानंतर सीकोहून बस सुटणार होती, आम्ही चौघांनीही जायचं होतं. उमऱ्याचे परवाने त्याने फोनवर काढून ठेवले होते. शुक्रवारी सकाळी मी त्याला कपडे वाळत घालायच्या निमित्ताने गच्चीवर नेलं. अम्मांसमोर मी त्याला तुम्ही म्हणते, एकटे असलो की तू. गच्चीवर गेल्यावरही माझ्या तोंडून तुम्ही निघालं, तेव्हाच तो सावध झाला. मी सगळं सांगितलं. डॅन, वाटा, कायदा, नाव.

तो एका ओल्या टॉवेलची कड सरळ करत राहिला. मग म्हणाला, मला वाटलंच होतं. मागे एकदा माझा लॅपटॉप त्याने वापरला होता, तेव्हा पत्त्यांचं चित्र दिसलं होतं.

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस." तो माझ्याकडे बघत नव्हता. "मग बंद करावं लागलं असतं."

मी एकटी लाजत होते ते बरं होतं, असं मला वाटून गेलं.

मार्ग त्यानेच काढला. उमऱ्याचे पैसे तो आपल्या पगारातून देईल. अम्मांना काही सांगायचं नाही. त्यांना वाटेल सुनेचे. नाव माझं, पैसे त्याचे. अम्मांचा उमरा पाक होईल, त्यांचं मन राहील, आणि माझंही. मी मान हलवली. आम्ही दोघांनी चादरीचं एकेक टोक धरून पिळलं, आणि त्या वेळी ते खरंच इतकं सोपं वाटलं.

खाली आलो. शारीकने पाकीट काढून बसवाल्याला द्यायचे रियाल अम्मांसमोर ठेवले, म्हणाला, हे नूरैनचे. अम्मा हसल्या. त्यांनी पदराखालून, कमरेची एक कापडी थैली सोडली. हिरव्या सॅटिनची, त्यांनीच शिवलेली, तोंडाला नाडी.

"नूरैनचे हे हायत," त्या म्हणाल्या.

माझ्या खात्यात सुरुची जे टाकायची ते अम्मांनी कधी घरखर्चाला लावलंच नव्हतं. दर वेळी बँकेतून काढून त्या थैलीत. शारीकच्या पैशांचा डबा वेगळा, ही थैली वेगळी, कधी एकमेकांत मिसळू दिले नाहीत. त्यातूनच विमानाचं तिकीट काढलं, त्यातूनच उमऱ्याचे पांढरे कपडे शिवायला कापड घेतलं. सुट्टीवर आलेल्या गावच्या पोरांकडून उरलेल्याचे रियाल करून घेतले. शारीकचे पैसे त्यांनी त्याच्याकडे परत सरकवले. "तू ठेव. आईला फसवू नको, मला मोजायची गरज नाय, मला माहीत हाय कुठला काय हाय."

शारीकने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत होतं, गप्प राहा. आणि विनवणी होती. तो आतल्या खोलीत गेला, बॅग भरायला.

अम्मा पलंगावर बसून पांढरा कुर्ता मांडीवर घडी करत होत्या. पांढरं सुती कापड, गळ्याशी बारीक हातशिलाई. चष्मा नाकावर आलेला. जुवेरिया त्यांच्या पायाशी बसून तसबीहचं बटण उगाच दाबत होती. टिक, टिक, टिक. त्या कुर्त्याकडे बघता बघता मला पॅसेजमधली सायकल आठवली आणि वाटलं, त्या अमेरिकेतल्या बापाच्या मुलीने गल्लोगल्ली शोधलेली सायकल इथे आहे, अम्मांच्या मांडीवर.

"अम्मा," मी म्हटलं. "ते पैसे जुगाराचे आहेत."

वाक्य एवढंच बाहेर आलं. बाकीचं मी जमिनीवर बसून, त्यांच्या गुडघ्याशी बघत सांगितलं. मी खेळत नाही, पण लोकांना खेळायला नेते. ते हरतात, त्यातला वाटा मला येतो. ते अमेरिकेत असतात. आता तिथल्या सरकारने परवानगी दिली आहे, हेही सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, जशी काही त्याने सूट मिळणार होती.

अम्मांनी घडी घालायची थांबवली नाही. बाही आत दुमडली, दुसरी बाही दुमडली, तळहाताने सपाट केलं. मला वाटलं त्या उठतील. खाडी नाही इथे, पण काहीतरी असेलच. त्या उठल्या नाहीत.

"सरकारान तर मटक्यालाही कधी धरला नाय," त्या म्हणाल्या.

तसबीह थांबली होती. थैली त्यांनी माझ्यासमोर जमिनीवर ठेवली, आपटली नाही. कुर्ता तिच्यावर ठेवला. आतल्या खोलीकडे बघून शारीकला हाक मारली आणि शांतपणे म्हणाल्या, तुझी अम्मा तुझ्याच पैशान जाईल, घरातला जुना ड्रेस हाय तो पुरे. आणि परत जाताना तिकीट माझ्या शिवणाच्या पैशान. शारीक दारात उभा होता.

मी अम्मांचे पाय धरले. माफ करा म्हटलं. या वेळी ते रीतीचं नव्हतं.

त्यांनी माझं डोकं धरून वर केलं. त्यांचे डोळे कोरडे होते आणि त्यात राग शोधूनही मला सापडला नाही. राग असता तर सोपं झालं असतं.

"माझी माफी तुला हाय," त्या म्हणाल्या. "पण ती घेऊन तू काय करशील? माझा तू काय घेतलास? दिलासच." त्यांनी माझ्या कपाळावरचे केस मागे सारले. "ज्यांचा घेतलास त्यांच्याकडना आण."

मी सुरुचीला तिथेच, त्यांच्यासमोर फोन केला. वाटा नको म्हटलं, नाव नको, पानंही नकोत. ती म्हणाली की तिला माझं समजतं. पानं मात्र कंपनीची आहेत, ती राहतील, दुसरं कुणीतरी आपल्या नावाने पुढे चालवील. रागावली नव्हती. तिच्याही कंपनीचं काय होणार ते तिला माहीत नव्हतं. म्हणजे मी थांबले आणि काहीच थांबलं नाही. लोक उद्याही त्या पानांवर येतील, मी लिहिलेली मित्रासारखी वाक्यं वाचतील, बोट ठेवतील.

बसची वेळ होत आली होती. शारीकने बॅगा खाली नेल्या. अम्मा वुजू करायला, नमाजाआधी हातपाय धुवायला, गेल्या, नळाचा आवाज सुरू झाला. मी जमिनीवर तशीच. जुवेरिया सरकत सरकत माझ्यापर्यंत आली आणि माझ्या हाताखालून शिरून मांडीत बसली. ती सगळं ऐकत होती हे मी विसरले होते. तिने दादीच्या गुलाबी तसबीहचा आकडा शून्यावर आणला आणि ती माझ्या बोटात घातली. ती माझ्या बोटाला घट्ट होत होती, तरी तिने जोर लावून बसवली.

"अम्मी, डोन्ट क्राय. सॉरी बोलायचं सोपं असतं," ती म्हणाली. "मी तुझ्याबरोबर येते. एकेकाला सॉरी बोलायचं आणि एकेकदा बटण दाबायचं, म्हणजे कोणी राहत नाही."

मी तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली.

तिने माझा अंगठा उचलून बटणावर ठेवला आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"पहिलं कोण? नाव काय त्यांचं?"